क्रिएटिन आणि व्यायामाने होणारी स्नायूंची इजा : काशीच्या आखाड्यांपुढील एक प्रश्न

वाराणसी हे शहर जसे घाट, मंदिरे आणि संगीत यांसाठी ओळखले जाते, तसेच ते आखाड्यांसाठीही प्रसिद्ध आहे. तुळशी घाटावरील स्वामीनाथ आखाड्याचे नाव गोस्वामी तुलसीदासांशी जोडले जाते. जोर आणि बैठका काढणे, जोडी आणि गदा फिरवणे, मातीत कुस्ती खेळणे हा येथील आखाड्यांचा नित्यक्रम आहे. नागपंचमीला येथे कुस्त्या आणि जोडी-गदेच्या स्पर्धा होतात. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघातील मोहम्मद शाहिद, दोन ऑलिंपिक कांस्यपदकांचे मानकरी हॉकीपटू ललित उपाध्याय, 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 69 किलो गटात एकूण 222 किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळवणाऱ्या पूनम यादव आणि तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेले नरसिंग यादव हे सारे याच जिल्ह्यातील आहेत.

देशातील अन्य शहरांप्रमाणे येथेही पारंपरिक खुराकाच्या जोडीला डबाबंद पूरक आहार आला आहे. त्यांपैकी क्रिएटिन हा जगात सर्वाधिक अभ्यासला गेलेला पदार्थ होय. ताकद आणि जोमदार, अल्पकालीन श्रमांची क्षमता वाढवण्यासाठी त्याचा उपयोग होतो, हे आता सर्वमान्य आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पूरक आहारविषयक निवेदनातही कामगिरीवर परिणाम करणाऱ्या मोजक्या पदार्थांमध्ये कॅफीन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलनिन आणि सोडियम बायकार्बोनेट यांच्याबरोबर क्रिएटिनचा समावेश आहे. मात्र कठोर व्यायामामुळे स्नायूंना होणारी इजा क्रिएटिनमुळे कमी होते काय, या प्रश्नाचे उत्तर तितके सरळ नाही. रक्तातील आकडा खाली येणे आणि खेळाडू खरोखर सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आजवरच्या संशोधनातून दिसते.

क्रिएटिन म्हणजे काय?

क्रिएटिन हा शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणारा पदार्थ आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी 1832 मध्ये तो मांसातून वेगळा काढला आणि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. पुढे 1847 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी पाळीव कोल्ह्यांपेक्षा रानात धावणाऱ्या कोल्ह्यांच्या मांसात क्रिएटिन अधिक असते, असे नमूद केले. स्नायूंचे श्रम आणि हा पदार्थ यांचा संबंध तेव्हापासून चर्चेत आहे.

आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन या तीन अमिनो आम्लांपासून मूत्रपिंड आणि यकृत मिळून दररोज सुमारे 1 ग्रॅम क्रिएटिन तयार करतात. साधारण तितकेच क्रिएटिन मांसाहारी व्यक्तीला अन्नातून मिळते. शरीरातील एकूण क्रिएटिनपैकी सुमारे 95 टक्के साठा स्नायूंमध्ये असतो. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीत हा साठा साधारणपणे 120 ते 140 ग्रॅम भरतो.

स्नायूंच्या आकुंचनासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूतून मिळते. जोरकस श्रमात एटीपी काही सेकंदांतच खर्ची पडते. अशा वेळी फॉस्फेट जोडलेले क्रिएटिन, म्हणजेच फॉस्फोक्रिएटिन, आपला फॉस्फेट देऊन एटीपी पुन्हा तयार करते. कुस्तीतील धोबीपछाड, वेटलिफ्टिंगमधील एक उचल किंवा हॉकीतील छोटी धाव या सर्वांत हाच साठा आधी वापरला जातो.

रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, दिवसातून चार ते सहा वेळा 5 ग्रॅम क्रिएटिन काही दिवस घेतल्यास स्नायूंतील साठा लक्षणीय वाढतो, हे दाखवून दिले. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे विजेते ठरलेले ब्रिटनचे लिनफर्ड ख्रिस्ती यांनी क्रिएटिन वापरल्याच्या बातम्या आल्या आणि त्यानंतर अल्पावधीत ही पावडर जगभरच्या बाजारात पोहोचली.

आखाड्याचा खुराक

बनारसच्या पैलवानांच्या जीवनपद्धतीचा अभ्यास करून मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी 1992 मध्ये ‘द रेसलर्स बॉडी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दूध, तूप आणि बदाम हा या परंपरेत पैलवानी खुराकाचा गाभा मानला जातो आणि शाकाहाराला तेथे मोठे महत्त्व आहे. कोल्हापूरच्या तालमींत बदामाच्या थंडाईबरोबर मटणालाही खुराकात स्थान आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने बहरलेल्या त्या कुस्ती परंपरेचे आणि काशीच्या परंपरेचे अनेक बाबतींत साम्य असले, तरी आहारातील हा फरक क्रिएटिनच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

कच्च्या मांसात किंवा मासळीत किलोमागे साधारण 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन असते. दुधात मात्र ते लिटरमागे ग्रॅमचा दहावा भाग इतकेच असते. म्हणजे 3 ग्रॅम क्रिएटिन केवळ दुधातून मिळवायचे झाल्यास सुमारे 30 लिटर दूध प्यावे लागेल. बदाम, हरभरा आणि तूप यांत ते जवळजवळ नसतेच. दुधा-बदामाचा खुराक प्रथिने आणि उष्मांक पुरवतो, परंतु क्रिएटिनसाठी शाकाहारी पैलवानाला आपल्या यकृत-मूत्रपिंडांवरच अवलंबून राहावे लागते.

शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंतील क्रिएटिनचा साठा मांसाहारी व्यक्तींपेक्षा कमी असतो, असे अभ्यासांतून आढळले आहे. कॅनडात झालेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूरक क्रिएटिन घेतल्यावर शाकाहारी गटातील साठा अधिक प्रमाणात वाढला. ज्यांचा साठा मुळातच भरलेला असतो, त्यांना या पावडरीचा फारसा लाभ होत नाही. त्यामुळे काशीच्या शाकाहारी पैलवानात साठा वाढण्याची शक्यता तुलनेने अधिक आहे. परंतु साठा वाढला म्हणजे इजा कमी झाली, असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही.

बैठकांनंतर अंग का दुखते?

बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर शे-दोनशे बैठका काढल्या, तर दुसऱ्या दिवशी जिना उतरणे अवघड होते. ही वेदना व्यायाम करताना जाणवत नाही. ती काही तासांनी सुरू होते आणि 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी 1902 मध्येच, अशा वेदनेचे मूळ स्नायूंत झालेल्या सूक्ष्म फाटण्यात असावे, असे मत मांडले होते.

स्नायू आखडून बळ लावतो तेव्हा इजा कमी होते. तो ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा ती अधिक होते. बैठकीत खाली जाताना मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू लांबत असतात आणि त्याच वेळी शरीराचे वजन सावरत असतात. जोर काढताना छाती जमिनीकडे नेताना छाती आणि दंडाच्या स्नायूंवर असाच ताण येतो. पाठीमागे झुलणारी जड जोडी थोपवतानाही खांद्यांचे स्नायू हेच काम करतात. डोंगर उतरताना मांड्या भरून येतात, त्याचेही कारण तेच आहे.

अशा श्रमात स्नायुतंतूंमधील सूक्ष्म रचना विस्कटते. पेशीचे आवरण काही ठिकाणी फाटते, कॅल्शियम आत शिरते आणि प्रथिनांचे विघटन करणारी विकरे कार्यान्वित होतात. त्यानंतर दाह निर्माण होतो, सूज येते आणि दुरुस्तीचे काम सुरू होते. या काळात सांध्याची हालचाल मर्यादित होते आणि ताकद घटते. ताकदीतील ही घट काही दिवस टिकू शकते. इजा किती झाली, याचे ते सर्वांत विश्वसनीय माप मानले जाते.

निसर्गाने या इजेवर स्वतःचा उपायही योजलेला आहे. तोच व्यायाम काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा केला, तर इजा आणि वेदना पहिल्यापेक्षा बरीच कमी होते. थोड्या बैठकांपासून सुरुवात करून रोज संख्या वाढवत नेण्याचा वस्तादांचा जुना शिरस्ता या नियमाशी जुळणारा आहे.

क्रिएटिनकडून अपेक्षा का केली गेली?

फाटलेल्या तंतूत शिरलेले कॅल्शियम बाहेर काढणाऱ्या यंत्रणेला एटीपी लागते. फॉस्फोक्रिएटिनचा साठा भरपूर असल्यास ही यंत्रणा अधिक काळ चालू राहील, असा एक तर्क आहे. फॉस्फोक्रिएटिन पेशीच्या आवरणाला स्थैर्य देते, हा दुसरा. दाह कमी करणे आणि घातक ऑक्सिजन रेणूंना निष्प्रभ करणे हे गुणही क्रिएटिनमध्ये असल्याचे प्रयोगशाळेतील अभ्यासांत आढळले आहे. कोपनहेगन येथे झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, वजन उचलण्याच्या प्रशिक्षणाबरोबर क्रिएटिन घेणाऱ्यांच्या स्नायूंत दुरुस्तीचे काम करणाऱ्या उपग्रह पेशींची संख्या अधिक वाढल्याचे दिसून आले. या सर्व कारणांमुळे क्रिएटिन हे इजेवरील औषध ठरेल, अशी आशा निर्माण झाली.

प्रयोग काय सांगतात?

या आशेला बळ देणारे निष्कर्ष आले, तसे तिला छेद देणारेही आले.

ब्राझीलमधील संशोधकांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 34 अनुभवी धावपटूंनी 30 किलोमीटर धाव घेतली. त्यापूर्वी पाच दिवस एका गटाला दररोज 20 ग्रॅम क्रिएटिन देण्यात आले होते. धावल्यानंतर या गटाच्या रक्तातील स्नायू-इजेची आणि दाहाची निदर्शके कमी वाढली. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 14 तरुणांकडून पायांचा, मुद्दाम इजा करणारा व्यायाम करवून घेण्यात आला. व्यायामापूर्वी पाच दिवस आणि नंतर 14 दिवस क्रिएटिन घेणाऱ्यांची ताकद लवकर परतली आणि त्यांच्या रक्तातील क्रिएटिन कायनेजचे प्रमाणही बरेच कमी राहिले.

याउलट अमेरिकेतील एरिक रॉसन आणि सहकाऱ्यांच्या 2001 मधील अभ्यासात, पाच दिवस दररोज 20 ग्रॅम क्रिएटिन घेऊनही कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना झालेल्या इजेत फरक पडला नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढील अभ्यासातही बैठकांच्या व्यायामानंतर ताकद, वेदना किंवा रक्तातील निदर्शके यांत लाभ दिसला नाही.

असे परस्परविरोधी निष्कर्ष एकत्र करून पाहण्याचे काम अलीकडच्या वर्षांत झाले आहे. ब्रिटनमधील बेन नॉर्थईस्ट आणि टॉम क्लिफर्ड यांनी 2021 मध्ये 13 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. क्रिएटिनमुळे व्यायामानंतरच्या चार दिवसांत ताकद, वेदना, सांध्याची हालचाल किंवा दाह यांपैकी कशातही फरक पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. रक्तातील क्रिएटिन कायनेज तेवढे 48 तासांनंतर कमी आढळले. म्हणजे कागदावरचा आकडा सुधारला, परंतु खेळाडूच्या अंगात त्याची प्रचीती आली नाही. या अभ्यासांतील 278 सहभागींपैकी स्त्रिया केवळ 43 होत्या, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे. तुळशी घाटावरील आखाड्याने 2017 मध्ये महिलांना प्रवेश दिला. तेथे कुस्ती करणाऱ्या मुलींना क्रिएटिनविषयी सल्ला देताना हाताशी असलेला पुरावा मुख्यतः पुरुषांवरील प्रयोगांतून आलेला आहे.

केन्जी डोमा आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात आणखी एक विरोधाभास समोर आला. एकाच वेळच्या कठोर व्यायामानंतर पुढील काही दिवस क्रिएटिन घेणाऱ्यांच्या रक्तातील इजेची निदर्शके कमी होती. परंतु अनेक आठवडे प्रशिक्षणाबरोबर क्रिएटिन घेणाऱ्यांमध्ये व्यायामानंतर 24 तासांनी ती उलट अधिक आढळली. क्रिएटिनमुळे खेळाडू अधिक जोराने आणि अधिक वेळा व्यायाम करू शकतो, त्यामुळे स्नायूंवरील एकूण भारही वाढतो, असे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते. आखाड्याच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. पावडरीच्या भरवशावर बैठकांची संख्या एकदम वाढवली, तर इजा कमी होण्याऐवजी वाढू शकते.

तीन सारखी नावे, तीन वेगळे अर्थ

या विषयात क्रिएटिन, क्रिएटिनिन आणि क्रिएटिन कायनेज ही तीन नावे वारंवार येतात. त्यांच्या सारखेपणामुळे खेळाडू, पालक आणि कधीकधी उपचार करणारेही गोंधळात पडतात.

क्रिएटिन हे ऊर्जेचा साठा करणारे द्रव्य होय. क्रिएटिनिन हा त्याच्या विघटनातून तयार होणारा, मूत्रावाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ आहे. शरीरातील क्रिएटिनपैकी दररोज एक ते दोन टक्क्यांचे क्रिएटिनिनमध्ये रूपांतर होते. मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तातील क्रिएटिनिन वाढते, म्हणून मूत्रपिंडाच्या तपासणीत त्याचे मोजमाप केले जाते. मात्र स्नायूंचे वस्तुमान अधिक असलेल्या पैलवानाचे क्रिएटिनिन मुळातच थोडे जास्त असू शकते आणि क्रिएटिन पावडर घेतल्याने ते आणखी किंचित वाढू शकते. केवळ या आकड्यावरून मूत्रपिंड बिघडल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. अशा वेळी डॉक्टरांना पावडर घेत असल्याचे सांगणे आवश्यक असते. सिस्टॅटिन-सी या दुसऱ्या चाचणीवर स्नायूंच्या वस्तुमानाचा परिणाम तुलनेने कमी होत असल्याने शंका असल्यास तिचा उपयोग होतो.

क्रिएटिन कायनेज हे स्नायूंच्या पेशींत असणारे विकर आहे. पेशीचे आवरण फाटले की ते रक्तात झिरपते. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीत त्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे 200 एककांपर्यंत असते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ते एरवीही जास्त आढळते. न सरावलेला कठोर व्यायाम केल्यावर ते काही हजारांपर्यंत जाऊ शकते आणि वाढ कित्येकदा काही दिवसांनंतर सर्वाधिक होते. दोन व्यक्तींनी सारखाच व्यायाम केला तरी त्यांच्या आकड्यांत प्रचंड तफावत असू शकते. त्यामुळे या एका चाचणीवरून खेळाडू मैदानात उतरण्यास तयार आहे किंवा नाही, हे ठरवता येत नाही.

धोक्याची लक्षणे

बहुसंख्य वेळा स्नायूंची इजा आठवडाभरात आपोआप भरून येते. क्वचित मात्र स्नायुतंतूंचा मोठ्या प्रमाणावर नाश होतो. त्यातून बाहेर पडणारे मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना अपाय करू शकते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. असह्य वेदना, स्नायूंना आलेली टणक सूज, हातापायांतील बळ जाणे आणि चहासारखी किंवा कोलासारखी गडद लघवी ही त्याची लक्षणे होत. गडद लघवी दिसताच रुग्णालयात जाणे आवश्यक असते. विलंब झाल्यास मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो.

प्रचंड उष्मा, शरीरातील पाण्याची कमतरता, दीर्घ खंडानंतर एकदम केलेला व्यायाम आणि वेदनाशामक गोळ्यांचा बेसुमार वापर या गोष्टी धोका वाढवतात. मे-जून महिन्यांत वाराणसीचे तापमान 45 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. त्यामुळे स्पर्धेच्या तोंडावर वजन उतरवण्यासाठी पाणी तोडणाऱ्या मल्लांनी विशेष सावध राहावे लागते.

या संदर्भात अमेरिकेतील एक घटना उल्लेखनीय आहे. 1997 मध्ये नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत तेथील तीन महाविद्यालयीन मल्लांचा मृत्यू झाला. प्रारंभी संशय क्रिएटिनवर घेण्यात आला. प्रत्यक्षात, वजनी गटात बसण्यासाठी हे मल्ल घाम बाहेर जाऊ न देणारे पोशाख घालून उष्ण खोलीत व्यायाम करत होते आणि पाणी टाळत होते, असे सरकारी तपासात निष्पन्न झाले. मृत्यूंना पावडर नव्हे, तर जलद वजन घटवण्याची पद्धत कारणीभूत होती. त्यानंतर तेथील वजन तपासणीचे नियम बदलण्यात आले.

डब्यात नेमके काय आहे?

क्रिएटिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे वाडाच्या बंदी यादीत नाही. खेळाडूपुढील खरा धोका डब्यावर न छापलेल्या घटकांचा असतो. कोलोन येथील प्रयोगशाळेने 2000 आणि 2001 मध्ये 13 देशांतून घेतलेल्या 634 पूरक पदार्थांची तपासणी केली असता, 94 नमुन्यांत लेबलवर उल्लेख नसलेली संप्रेरकसदृश द्रव्ये सापडली. हे प्रमाण सुमारे 15 टक्के होते. भारतातील 36 प्रथिन पावडरींच्या तपासणीचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी 25 पावडरींवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले आढळले.

अंगात बंदी असलेले द्रव्य सापडले, तर ते कसे आले याचे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी खेळाडूवर असते. हा नियम किती कठोर आहे, याचा अनुभव वाराणसी जिल्ह्यात मूळ असलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या नरसिंग यादव यांना आला. 2011 ते 2013 अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेल्या यादव यांनी 2015 च्या लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत 74 किलो गटात कांस्यपदक मिळवले होते. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, 2016 च्या उन्हाळ्यात घेतलेल्या त्यांच्या नमुन्यांत मेथँडिनोन हे बंदी असलेले स्टेरॉइड आढळले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे यादव यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या शिस्तपालन समितीने 1 ऑगस्ट 2016 रोजी ते मान्य करून त्यांना निर्दोष ठरवले. वाडाने या निर्णयाला आव्हान दिले. क्रीडा लवादाने कटाचा पुरावा पुरेसा नसल्याचे सांगत 18 ऑगस्ट रोजी, त्यांच्या लढतीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी घातली. 2020 मध्ये बंदी संपल्यावर ते पुन्हा आंतरराष्ट्रीय कुस्तीत उतरले.

हे प्रकरण क्रिएटिनचे नव्हते. तथापि, तोंडात जाणाऱ्या प्रत्येक घासाचा आणि घोटाचा हिशेब खेळाडूलाच द्यावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच सुटी पावडर, दुसऱ्याच्या डब्यातील चमचा किंवा लेबल नसलेली पुडी घेणे धोक्याचे असते. भारतात विकल्या जाणाऱ्या डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असणे बंधनकारक आहे. स्पर्धात्मक खेळाडूंनी त्याशिवाय प्रत्येक उत्पादन-गटाची उत्तेजक चाचणी झाल्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र पाहणे इष्ट असते. वापरलेल्या डब्याचा गट क्रमांक आणि पावती जपून ठेवल्यास पुढे वाद उद्भवल्यावर उपयोग होतो.

मात्रा आणि वजन

क्रिएटिन घेण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत पाच ते सात दिवस दररोज सुमारे 20 ग्रॅम, चार भागांत विभागून घेतले जाते आणि नंतर 3 ते 5 ग्रॅम चालू ठेवले जाते. दुसरीत आरंभापासूनच दररोज 3 ग्रॅम घेतले जाते. दुसऱ्या पद्धतीनेही सुमारे 28 दिवसांत स्नायूंतील साठा जवळपास तितकाच भरतो, असे 1996 मधील संशोधनाने दाखवले. क्रिएटिन मोनोहायड्रेट हा सर्वांत अभ्यासलेला आणि तुलनेने स्वस्त प्रकार असून अन्य महागडे प्रकार त्यापेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही.

निरोगी प्रौढांमध्ये शिफारस केलेल्या मात्रेत क्रिएटिनमुळे मूत्रपिंडांना अपाय होत असल्याचे आढळलेले नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते घेऊ नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना किशोरवयीन मुलांना क्रिएटिन न घेण्याचा सल्ला देते. कोवळ्या वयात आखाड्यात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत पालकांनी आणि वस्तादांनी हे ध्यानात ठेवणे गरजेचे आहे.

क्रिएटिन स्नायूंमध्ये पाणी धरून ठेवते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच वजन एक ते दोन किलोंनी वाढू शकते. हॉकीपटूला त्याची फारशी चिंता नसते, परंतु कुस्ती आणि वेटलिफ्टिंग हे वजनी गटांचे खेळ आहेत. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांना 50 किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी केवळ 100 ग्रॅम जादा वजनामुळे अपात्र ठरवण्यात आले, यावरून एकेका ग्रॅमचे मोल कळते. त्यामुळे क्रिएटिनचा पहिलाच प्रयोग स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात करणे शहाणपणाचे नव्हे.

थोडक्यात

क्रिएटिन ताकदीच्या व्यायामाला उपयुक्त आहे आणि शाकाहारी खेळाडूंच्या स्नायूंतील साठा त्याने चांगला वाढू शकतो. स्नायूंची इजा टाळणारे किंवा ती झटपट बरी करणारे औषध म्हणून त्याच्याकडे पाहण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही. रक्तातील क्रिएटिन कायनेज कमी होणे हे ताकद परतल्याचे प्रमाण मानता येत नाही. तसेच क्रिएटिनिनमधील किंचित वाढ हा मूत्रपिंडाच्या आजाराचा पुरावाही ठरत नाही.

इजेपासून खात्रीचे संरक्षण क्रमाक्रमाने वाढवलेली मेहनत, पुरेसे पाणी, पोटभर आहार, झोप आणि विश्रांतीचा दिवस यांतूनच मिळते. ज्या खेळाडूने हे सर्व सांभाळले आहे, त्याच्यासाठी तपासलेल्या डब्यातील क्रिएटिन ही एक जोड ठरू शकते. ज्याने ते सांभाळलेले नाही, त्याच्या स्नायूंची इजा केवळ क्रिएटिनने टळत नाही.